आमच्या वसाहतीमागचं डिझेल

सिडनीजवळ स्कोफिल्ड्सला आम्ही घर घेतलं तेव्हा मागच्या कुंपणापलीकडच्या मोकळ्या जागेबद्दल एजंटने एवढंच सांगितलं होतं, की रेल्वेचा जुना फाटा आहे, बंद आहे, तिकडून काही त्रास नाही. एजंटच्या बोलण्यावर विश्वास ठेवणाऱ्यातली मी नव्हे, पण त्याच्या या थापेने माझं भलंच झालं. राहायला आल्यावर एका शनिवारी दुपारी मी मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होते आणि पलीकडून आवाज आला. आधी घरघर, मग खोकल्याच्या दोन उबळी आणि मग तो ठेका. जड, सावकाश, मधूनच एक ठोका विसरल्यासारखा आणि लगेच आठवल्यासारखा. माझ्या हातात नवऱ्याचा ओला शर्ट होता. चिमटा न लावता तो तसाच दोरीवर टाकला आणि घरातल्या चपलांवरच निघाले.

हा आवाज मला पाठ होता. माझं लहानपण पुण्यात घोरपडीच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये गेलं. बाबा डिझेल शेडमध्ये फिटर होते. तिथे एकदा सुरू झालेलं इंजिन सहसा बंद करत नसत, पुन्हा सुरू करताना बॅटरीने दगा दिला तर काय घ्या, म्हणून तासन्‌तास उभ्याउभ्या धडधडत ठेवायचे. दहावीचा अभ्यास मी त्या आवाजात केला, माझ्या लग्नाची बोलणी त्या आवाजात झाली. ऑस्ट्रेलियात आल्यावर लोकांना वडापाव आठवतो, मामा-काका आठवतात. मला डिझेल इंजिन आठवायचं. हे कुणाला सांगायची सोय नव्हती. सांगितलं असतं तर नवऱ्याने मला डॉक्टरकडे नेलं असतं.

फाट्याच्या टोकाला पत्र्याची एक लांबलचक शेड निघाली. आत सातआठ निवृत्त माणसं, काळीकुट्ट झालेली चहाची किटली आणि मधोमध ते. विटकरी लाल रंगाचं, बुटकं, लांब बॉनेटचं डिझेल. इकडे या जातीला अठ्ठेचाळीस क्लास म्हणतात. गावोगावच्या फाट्यांवरून गहू वाहून नेण्यात यांची हयात गेली. मी दारात उभं राहून विचारलं, "हे न्यूयॉर्कवाल्यांच्या डिझाइनचं ना? सहा सिलिंडरचं?" बॉनेटखालून एका म्हाताऱ्याने डोकं बाहेर काढलं आणि माझ्या चपलांकडे बघितलं.

"कुणी सांगितलं तुला?"

"कुणी नाही. आवाजावरून."

त्याने एक फडकं माझ्या हातात दिलं. त्याला मी तेव्हापासून मनातल्या मनात मिस्त्री म्हणते. रेल्वेत फिटर म्हणून लागला, फिटर म्हणूनच निवृत्त झाला, आणि निवृत्तीनंतर भंगारात निघालेलं हे इंजिन इतर चारजणांना गोळा करून त्याने वाचवलं. त्यानंतर दर शनिवारी मी तिथे जाऊ लागले. आठवडाभर मी सॉफ्टवेअर तपासते, म्हणजे दुसऱ्यांनी केलेल्या चुका शोधून त्यांची नाराजी पत्करते. शनिवारी हाताला तेल लागलं की मला माणसात आल्यासारखं वाटायचं.

शेडमध्ये दुसरं एक पात्र होतं, शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेला. तो मास्तर. मिस्त्री न्यूयॉर्कच्या इंजिन-कारखान्याचा अभिमानी, मास्तर शिकागोच्या. दोघांपैकी एकानेही अमेरिका पाहिलेली नाही. पण चहाच्या वेळेला ही जोडी जुंपली की वाटावं, दोघांच्या आज्यांनी ते कारखाने हुंड्यात आणले होते. मला जो काही इतिहास येतो तो या भांडणांतून आलेला आहे, त्यामुळे तो थोडा तापलेला असणार.

गोष्ट अशी. अमेरिकेत वाफेची इंजिनं बांधणारे कारखाने शिंप्यासारखं काम करायचे. प्रत्येक रेल्वे आपापली मापं घेऊन यायची, आमचे घाट असे, आमचा कोळसा तसा, आणि कारखाना त्या मापाचं इंजिन शिवून द्यायचा. न्यूयॉर्क राज्यात नदीकाठच्या एका गावात असा एक मोठा कारखाना होता, फिलाडेल्फियात त्याहून जुना दुसरा. अशा दिवसांत क्लीव्हलँडमध्ये काही माणसांनी नुसती एक कचेरी उघडली. कारखाना नाहीच. टेबलं, नकाशे आणि पेट्रोलवर धावणाऱ्या रेल्वेडब्यांची डिझाइनं. बांधायचं काम दुसऱ्यांकडून करून घ्यायचं. ही कचेरी मोटारी बनवणाऱ्या एका बड्या कंपनीने विकत घेतली, शिकागोजवळ तिला कारखाना बांधून दिला, आणि मग मोटारवाल्यांनी रेल्वेवाल्यांना आपली रीत शिकवली. मापं घेणार नाही. हे मॉडेल आहे, रंग तुमच्या आवडीचा, बाकी सगळं आमच्या मनाचं. चार डिझेलं एकामागे एक जोडून त्यांनी देशभर फिरवली. ज्या रेल्वेला शंका असेल तिच्याच सगळ्यात वाईट चढावर तिचीच मालगाडी ओढून दाखवली. वाफेच्या इंजिनाला वाटेत पाणी पाजावं लागायचं, राख झाडावी लागायची. या चौकडीला नुसतं डिझेल पुरायचं. रेडिमेडने शिंप्याला मारलं, असं मास्तर सांगतो आणि मिस्त्रीच्या कपात मुद्दाम थोडा चहा ओततो.

फिलाडेल्फियावाले वाफेला धरून बसले आणि फार उशिरा जागे झाले. विस्कॉन्सिनमधल्या एका कारखान्याने तर पाणबुडीचं इंजिन रुळावर आणलं. एकाच सिलिंडरमध्ये समोरासमोर दोन पिस्टन. कल्पना अशी देखणी की मला पहिल्यांदा तिचं चित्र बघून टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. पण खालचा पिस्टन काढायचा तर वरचं सगळं उतरवावं लागे. फिटरला देखणेपणाशी काय करायचंय? त्याला गुडघे वाचवायचे असतात.

आणि न्यूयॉर्कवाले? माझा जीव तिथे अडकतो. आज जगात कुठेही मालगाडीचं डिझेल बघा. लांबट बॉनेट, एका टोकाकडे केबिन, दोन्ही बाजूंनी चालायला अरुंद वाट. यार्डात डबे ढकलायला आणि लांबच्या मार्गावर गाडी ओढायला एकच यंत्र असावं, हा साधा संसारी विचार करून तो घाट पहिल्यांदा त्यांनी काढला. दुसऱ्या महायुद्धात त्यातली काही इंजिनं इराणच्या वाळवंटात जाऊन राबली. शिकागोवाल्यांनी नंतर तोच घाट उचलला आणि त्यांच्यापेक्षा कितीतरी जास्त विकला. युद्धानंतर न्यूयॉर्कवाल्यांनी घाईघाईत एक नवं इंजिन बाजारात आणलं आणि ते वारंवार मोडू लागलं. मग शहाणपण येऊन त्यांनी दुसरं काढलं, ते इतकं दणकट की अजून चालतंय. पण एकदा उडालेला विश्वास परत येत नाही. त्यांना विजेचे भाग पुरवणारा जोडीदारच स्वतःची डिझेलं बांधून प्रतिस्पर्धी झाला, आणि एक दिवस त्या नदीकाठच्या कारखान्यात इंजिनं बनायची बंद झाली.

बंद झाली तोवर ते दुसरं, चांगलं इंजिन दूर दूर पोचलं होतं. परवाना घेऊन इथे सिडनीत ते बांधत होते, तिकडे वाराणसीत बांधत होते. वाराणसीत तर मूळ कारखाना संपल्यावरही कित्येक वर्षं बांधत राहिले. बाबांच्या शेडमधली ती प्रचंड डिझेलं सोळा सिलिंडरची, आमचं हे सहाचं. पण सिलिंडरचं माप तेच, पिस्टनची झेप तीच. आमच्या इंजिनाला बसवलेल्या पिस्टनच्या रिंगा मिस्त्रीने भारतातून मागवल्या होत्या. त्या पुड्यावर देवनागरीत काहीतरी छापलेलं बघून मी शेडमध्येच डोळे पुसले. ज्यांनी हे यंत्र पहिल्यांदा कागदावर काढलं त्यांना घोरपडी ठाऊक नव्हती, स्कोफिल्ड्स ठाऊक नव्हतं. आणि त्यांचं काम दोन्हीकडे धडधडतंय. मला तरी याहून मोठं काही माणसाच्या हातून झालेलं माहीत नाही.

आता दोष. न्यूयॉर्कवाल्यांच्या डिझेलला धुराची खोड आहे. इंजिनात हवा कोंबणारा टर्बो असतो, त्याला वेग घ्यायला थोडा वेळ लागतो. ड्रायव्हरने हँडल झटकन पुढे नेलं तर डिझेल आधी पोचतं, हवा मागून येते, आणि अर्धवट जळलेलं सगळं काळ्या ढगासारखं वर जातं. शौकीन लोक याला डोक्यावर घेतात, त्यासाठी कॅमेरे लावून बसतात. पण शेड जुनी आणि वसाहत नवी. धूर शौकिनांच्या कॅमेऱ्यात मावत नाही, तो लोकांच्या अंगणात जातो.

तक्रार केली आमच्याच गल्लीतल्या डॉक्टरने. ती दातांची डॉक्टर, मूळची नाशिकची, माझ्याच वयाची, मराठी मंडळाची कर्तीधर्ती. गणपतीत मखर तिचं, दिवाळीत फराळाची वाटणी तिची, आणि वर्षभर सगळ्या गल्लीला शिस्त तिची. व्हॉट्सॲपवर तिने मला सरळ लिहिलं, "तू तिथे जातेस म्हणून आधी तुला सांगते. मी कौन्सिलला कळवलंय." मी चिडून तिच्या घरी गेले. म्हटलं, "अगं, शेड तुझ्या-माझ्या आधीपासून आहे इथे."

"असू दे. माझ्या लेकीला दमा आहे. परवा धूर आला तेव्हा ती ट्रॅम्पोलिनवर होती. पुढचे दोन दिवस पफर आणि नेब्युलायझर. मी काय करू, सांग."

आतून तिची मुलगी ओरडली, "मम, आय'म फाइन!" आणि लगेच खोकली. मी भांडायच्या तयारीने गेले होते, चहा पिऊन परत आले. तिचं काहीच चुकत नव्हतं, हाच तर वैताग.

कौन्सिलचं, म्हणजे इथल्या नगरपालिकेचं, उत्तर आलं. त्यांचा माणूस एक दिवस येऊन बघेल. इंजिन थंड असताना सुरू करायचं, शेडपासून जुन्या वीटभट्टीपर्यंत नेऊन आणायचं. धूर घरांवर गेला तर यापुढे इथे ते सुरू करायचं नाही. आमच्या मंडळींकडे दुसरा रूळ नव्हता. पश्चिमेकडच्या एका गावाने बागेत ठेवायला इंजिन मागितलं होतं. टाकी रिकामी करून, तेल काढून, दारं वेल्डिंगने बंद करून. पोरं चढतील, फोटो निघतील. मिस्त्रीने ते पत्र वाचलं आणि म्हणाला, "बागेत ठेवण्यापेक्षा कापलेलं बरं." त्या दिवशी तो चहा न पिता घरी गेला.

मग तयारी सुरू झाली. धूर टाळायचा उपाय मिस्त्रीला माहीत होता, नवीन काही नव्हतं. इंजेक्टर साफ, हवेची गाळणी नवी, आणि मुख्य म्हणजे हाताचा संयम. हँडल एकेक खाच पुढे, प्रत्येक खाचेवर थांबायचं, टर्बोची शिट्टी चढू द्यायची, मग पुढची खाच. मास्तरसुद्धा आपलं शिकागो बाजूला ठेवून गाळणी घासायला बसला. मी एक शहाणपणा केला. गल्लीतल्या सगळ्यांना त्या दिवशी बघायला बोलावलं. लांबून सगळंच वाईट दिसतं, जवळ आले तर जीव लागेल, हा माझा हिशेब. डॉक्टरलाही बोलावलं. ती म्हणाली, "येते की. तक्रार माझी आहे, तर बघायला मीच नको का?"

कौन्सिलच्या माणसाने दिलेला शनिवार नेमका दसऱ्याचा निघाला. हे मला कळायच्या आधी डॉक्टरला कळलं. "दसऱ्याच्या दिवशी यंत्र बघायला रिकाम्या हाताने कसं जायचं गं? तक्रार वेगळी, दसरा वेगळा." मंडळाच्या बायकांनी मनावर घेतलं की मग काय विचारता. सकाळी झेंडूच्या माळा, नारळ, हळदकुंकू, आपट्याची पानं इथे मिळत नाहीत म्हणून दुसऱ्याच कसल्या तरी झाडाची पानं, असा सगळा लवाजमा घेऊन बायका आल्या. मिस्त्री भारावला. इंजिनासाठी कुणी नटूनथटून आलेलं त्याने उभ्या आयुष्यात पाहिलं नव्हतं.

आम्ही बौद्ध. दसरा आमच्याकडे धम्मचक्र प्रवर्तन दिन म्हणून पाळतात. संध्याकाळी तो कार्यक्रम होता म्हणून मी पांढऱ्या सलवार-कुर्त्यात आले होते, डिझेलच्या शेडमध्ये, यावरून मास्तरने माझी भरपूर टर उडवली. बाबांच्या शेडमध्ये खंडेनवमीला इंजिनाची पूजा व्हायची. बाबा पूजेला थांबत नसत, पण कुणाशी वादही घालत नसत. आदल्या दिवशी ते आपल्या वाट्याचं इंजिन स्वतःच्या हाताने पुसून लख्ख करायचे आणि पूजेच्या वेळी बाजूला व्हायचे. सहकाऱ्यांना ते ठाऊक होतं आणि त्यांनीही कधी आग्रह केला नाही. मीही तेच केलं. आदल्या शनिवारी इंजिनाचे कठडे पुसून काढले होते. बायकांनी कुंकवाचा करंडा उघडला तशी मी सगळ्यांसाठी चहा टाकायला शेडच्या मागच्या खोलीत गेले. डॉक्टरने मला थांब म्हटलं नाही, मलाही बरं वाटलं.

चहा घेऊन आले तर इंजिन ओळखू येईना. केबिनच्या दाराला तोरण, कठड्यांना माळा, आणि बॉनेटच्या दोन्ही बाजूंना जरीच्या काठाचे लाल पडदे, वरून खालपर्यंत ताणून, कोपऱ्यांना दोरीने पक्के बांधलेले. गणपतीच्या मखराचे पडदे होते ते, मी ओळखले. छान दिसत होतं, हे मान्य करायला हवं. कौन्सिलचा माणूस येऊन पोचला होता, सगळे त्याच्याभोवती होते. मी चहाचे कप वाटत राहिले.

मिस्त्री केबिनमध्ये चढला. इंजिनाने घरघर केली, खोकलं आणि ठेका धरला. थोडा करडा धूर आला आणि विरला. थंड इंजिनाचं एवढं चालतंच. कौन्सिलच्या माणसाने मान डोलावली. गल्लीतल्या पोरांनी आणि डॉक्टरच्या लेकीने कानांवर हात ठेवले आणि सगळी हसू लागली. ते बराच वेळ तसंच धडधडत ठेवून मिस्त्रीने तापू दिलं. मग हँडल पहिल्या खाचेवर नेलं, थांबला, दुसऱ्या खाचेवर नेलं, थांबला. इंजिन हलायला लागलं.

आणि धूर आला. काळा, जाड, थांबायचं नाव नाही. मिस्त्रीने तिसऱ्या खाचेवर जाण्याऐवजी हँडल मागे घेतलं, पुन्हा हळूच एक खाच दिली, पुन्हा तेच. ढग तिरपा होऊन थेट आमच्या गल्लीकडे निघाला. मला माझ्याच दोरीवरचे कपडे दिसत होते. केबिनच्या खिडकीतून मिस्त्रीचा चेहरा दिसला. "टर्बो गेला," मास्तर माझ्या शेजारी पुटपुटला. कौन्सिलच्या माणसाने वहीत काहीतरी लिहिलं आणि वही मिटली. मला रडू फुटायच्या बेतात होतं. इतकं चांगलं यंत्र, इतक्या चांगल्या माणसांनी बनवलेलं, आणि आमच्याच डोळ्यांसमोर ते संपत होतं.

तेवढ्यात डॉक्टर धावली. लेकीला मागे ढकलून, साडीचा पदर खोचत, पिवळ्या पट्ट्याच्या पुढे जायचं नाही म्हणून ओरडणाऱ्या मास्तरला ओलांडून ती इंजिनाच्या कडेला गेली आणि तिने दोन्ही हात वर करून मिस्त्रीला ओरडून सांगितलं, "स्टॉप! स्टॉप इट! इट कान्ट ब्रीद!"

मी तिच्या मागे पळाले आणि मग मला दिसलं. लाल पडदा बॉनेटच्या जाळीवर घट्ट चिकटला होता. जाळीच्या प्रत्येक पट्टीमधल्या फटीत तो आत ओढला गेला होता, इंजिन हवा मागत होतं आणि पडदा आणखी आत जात होता. उभ्याउभ्या धडधडताना लागते तेवढी हवा त्याला कशीबशी मिळत होती. ओढायची वेळ आली तशी मिळेनाशी झाली. दुसऱ्या बाजूलाही तोच प्रकार. जाळ्यांवर तेलाचे ओघळ होते, ते बरे दिसत नव्हते, म्हणून बायकांनी नेमक्या त्याच झाकल्या होत्या. मिस्त्रीने बांधताना बघितलं होतं. पण हे यांच्या धर्माचं काहीतरी असणार, हात लावला तर वाईट दिसेल, आणि एवढ्याशा कापडातून हवा जाईलच, असं वाटून तो गप्प राहिला होता. मी पूजेचा मान राखून बाजूला झाले होते. सगळे इतके सभ्य वागलो, की सगळ्यांनी मिळून इंजिनाचं नाक दाबलं.

मिस्त्रीने इंजिन थांबवलं. डॉक्टरने दोरी सोडायचा प्रयत्न केला, गाठ सुटेना, तेव्हा तिने जरीचा काठ धरून पडदा टराटरा फाडला. मी म्हटलं, "तुला कसं कळलं? आम्हाला कुणालाच नाही कळलं."

"लेकीला ॲटॅक येतो ना, तेव्हा तिच्या बरगड्यांमधली कातडी अशीच आत ओढली जाते," ती म्हणाली. "तेच बघत बसते मी. दुसरं काय बघणार?"

मी दुसऱ्या बाजूला जाऊन उरलेला पडदा सोडवला.

कौन्सिलचा माणूस गाडीची किल्ली हातात घेऊन उभा होता. डॉक्टर फाटका पडदा खांद्यावर टाकून त्याच्यासमोर गेली. तिचं इंग्रजी दवाखान्यातलं, पेशंटला ऐकावंच लागतं असं. ती म्हणाली, हा धूर इंजिनाचा नाही, आमचा आहे. हवेची वाट आम्ही बंद केली, मी स्वतः गाठ मारली. तो म्हणाला की त्याने जे बघायचं ते बघितलं. तेव्हा ती म्हणाली, "तक्रार कुणाची आहे? माझी. ज्या मुलीला त्रास होतो ती कुणाची? माझी. मग मी सांगते, पुन्हा बघा. नीट बघा." आमच्या बायका तिच्या मागे येऊन उभ्या राहिल्या. सगळ्या नटलेल्या, सगळ्यांच्या हातांना हळदकुंकू. त्याने किल्ली खिशात टाकली.

मिस्त्रीने पुन्हा सुरू केलं. पहिली खाच, थांबला. टर्बोची शिट्टी ऐकू येऊ लागली, बारीक, वर वर जाणारी. दुसरी खाच. धुराच्या नळीवर नुसती हवा थरथरत होती, पलीकडची झाडं वितळल्यासारखी दिसत होती. तिसरी. ते विटकरी लाल, बुटकं यंत्र झेंडूच्या माळांसकट वीटभट्टीच्या दिशेने निघालं, आणि त्याचा तो जड ठेका एकदाही चुकला नाही. मास्तर म्हणाला, शिकागोवाल्यांना हे असं बोलणारं इंजिन कधी जमलं नाही. त्याच्या तोंडून हे ऐकायला मिस्त्री केबिनमध्ये असल्याने हजर नव्हता, म्हणून मी नंतर त्याला सांगितलं. मास्तरने साफ नाकारलं.

महिन्यातून एका शनिवारी, वारा गल्लीकडे नसेल तर, अशी परवानगी मिळाली. जायच्या आधी कौन्सिलच्या माणसाने डॉक्टरला विचारलं, की मग तक्रार मागे घेताय ना. आम्ही सगळे तिच्याकडे बघत होतो. मिस्त्री केबिनच्या पायरीवर बसला होता.

"नाही," ती म्हणाली. "तक्रार राहू दे. धूर केला तर मी पुन्हा फोन करणार. आज केला नाही."

पण मिस्त्री पायरीवरून उतरला, टोपी काढून तिच्यापुढे गेला आणि म्हणाला, "फेअर इनफ, लव्ह. मला असंच कुणीतरी हवं होतं." मग त्याने तिला बॉनेटजवळ नेलं, जाळी दाखवली, तळहात कुठे ठेवायचा ते दाखवलं. इंजिन नीट श्वास घेत असलं की तळहाताला एकसारखी ओढ लागते.

आता इंजिन काढायचा शनिवार असला की तिला फोन जातो. ती दवाखान्यातून परस्पर येते, आधी ओलं बोट वर धरून वारा बघते, मग इंजिन सुरू झालं की दोन्ही बाजूंनी फिरून जाळ्यांवर हात ठेवते आणि उभी राहते. कधी कधी बराच वेळ उभी राहते. मास्तर घड्याळ बघतो. तिने मान हलवल्याशिवाय मिस्त्री हँडलला हात लावत नाही.